रापी लावण्यापूर्वी

शाळेतून निवृत्त झालेल्या त्या बाई चौथ्यांदा आमची पायरी चढल्या, तेव्हा हातातली आरी खाली ठेवताना माझ्या कपाळावर आठी उमटली असणार, कारण बसण्यापूर्वीच त्यांनी “तुला फार त्रास देतेय गं मी” असे म्हणून टाकले. डाव्या पायाची चप्पल अंगठ्यापाशी चावते, एवढीच त्यांची तक्रार होती. नवी कोल्हापुरी पहिले आठ-पंधरा दिवस चावतेच, हे कोल्हापुरात जन्मलेल्या बाईंना मी सांगण्याची गरज नव्हती. पण ही चप्पल महिना होत आला तरी चावत होती आणि तीही एकाच पायाला. पहिल्या खेपेला मी अंगठ्याची वादी तेल लावून मऊ करून दिली, दुसऱ्या खेपेला ती ओली करून ताणली, तिसऱ्या खेपेला अंगठाच नवा घातला. चौथ्या खेपेला माझ्याजवळ करण्यासारखे काही उरले नव्हते, आणि करण्यासारखे काही उरले नाही की कारागीर गिऱ्हाइकाला मनातल्या मनात किरकिरे म्हणू लागतो.

आबा आतल्या खोलीत खाटेवर पडून हे सगळे ऐकत होते. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी रापी, म्हणजे चामडे कापायचे हत्यार, धरलेली नाही, पण कान अजून दुकानातच असतात. ते भिंतीला धरून दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, “पोरी, चप्पल काय बघतीस? बाईस्नी दहा पावलं चालाय लाव.” बाई अंगणातून फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. उजवे पाऊल सरळ पडत होते. डावे मात्र दर वेळी थोडे बाहेरच्या अंगाला वळत होते. विचारल्यावर कळले की डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. मी त्यांच्या पावलाचा आराखडा कागदावर काढला होता तो त्या स्थिर उभ्या असताना, आणि उभे पाऊल अगदी सरळ होते. आबांनी बोटाने दाखवले तसा मी तळ उसवला, अंगठा दोन सूत सरकवून पुन्हा शिवला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या पाव इंचासाठी बाईंनी चार फेऱ्या मारल्या होत्या आणि मी चारही वेळा चप्पल पाहिली होती, बाईंकडे पाहिले नव्हते.

आमचे दुकान म्हणजे कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या राहत्या घराची पुढची खोली. चपला हा पिढीजात धंदा. पट्टे, पाकिटे, झोळ्यासारख्या पिशव्या आणि लॅपटॉपच्या बॅगा ही माझी भर. आमच्याकडे पूर्वापार तळ कापणे आणि ठोकणे पुरुषांनी करावे आणि वेणी गुंफणे, नक्षी पाडणे हे बायकांनी, अशी वाटणी होती. मी दोन्ही करते, त्यामुळे नवे गिऱ्हाईक आले की “कारागीर कुठे आहेत?” हा पहिला प्रश्न ठरलेला. मी रापी उचलून दाखवते. काहींचे तेवढ्याने समाधान होते, काही जण मात्र मी कापत असताना शेवटपर्यंत आतल्या दाराकडे पाहत राहतात.

सांगून करवून घेतलेल्या वस्तूचा आणि तक्रारीचा संबंध आमच्या घराला नवा नाही. पणजोबा बलुतेदार होते. वर्षभर गावाला पायताणे, आसूड, वाद्या आणि मोटा पुरवायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार. मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी, हे खऱ्या अर्थाने मापाचे काम होते. विहिरीची खोली, बैलजोडीची ताकद आणि धावेचा उतार पाहून तिचा आकार ठरवायचा, सोंडेची लांबी जमवायची, आणि शिवण अशी घालायची की विहिरीच्या तळापासून वर पाणी ओतण्याच्या थारोळ्यापर्यंत येताना पाणी गळू नये. मोट गळाली की शेतकरी तक्रार घेऊन येई आणि त्या तक्रारीवर वाद घालण्याची सोय नसे, कारण पाणी एकतर गळते किंवा गळत नाही. इंजिने आणि विजेचे पंप आले, मोटा माळ्यावर गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आमच्या धंद्यातली ती डोळ्यांना दिसणारी, पाण्याने सिद्ध होणारी तक्रारही गेली. आता माझ्यापुढे येणाऱ्या तक्रारी “जरा वेगळं वाटतंय”, “मनासारखं झालं नाही”, “फोटोत भारी दिसत होतं” अशा असतात. त्यांत पाणी कुठून गळते ते आपणच शोधायचे.

मापाची दुसरी आठवण आजीने सांगितलेली आहे आणि ती फारशी सुखाची नाही. तिच्या लहानपणी काही घरांत माप घ्यायला गेले तर पायाला हात लावण्याची मुभा नसे. मालक अंगणातल्या धुळीत पाऊल उमटवून बाजूला होई आणि मग तिच्या वडिलांनी गवताच्या काडीने त्या ठशाची लांबी-रुंदी मोजून घ्यायची. धुळीतले पाऊल नेहमी खऱ्या पावलापेक्षा थोडे पसरट असते, आणि त्यात पायाची उंची तर मुळीच नसते. पट्टा किती वर चढवायचा हे काडीला कळणार कसे? तरीही चप्पल घट्ट झाली तर दोष कारागिराचा. आज मी गिऱ्हाइकाचे पाऊल हातात घेऊन माप काढते, तेव्हा दर वेळी नाही, पण कधीकधी ती काडी आठवते. एखादा माणूस अवघडून “राहू द्या, मी साइज सांगतो ना” म्हणतो, त्यात संकोच किती आणि दुसरे काही किती हे मी आता फार तपासत बसत नाही. पाऊल मात्र हातात घेतेच.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगतो आणि सकाळी बेतलेली चप्पल दिवेलागणीला आवळते. दोन्ही पायांचे घ्यावे, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात. माणूस उभा असावा, अंगाचा भार पायावर असावा, पेन्सिल कागदाला काटकोनात धरावी. ती आत कलली की आराखडा बारीक निघतो. हे सगळे आबांनी मला शिकवले. त्यांनी न शिकवलेली आणि बाईंच्या चार फेऱ्यांनी शिकवलेली गोष्ट म्हणजे जुनी चप्पल मागून घेणे. झिजलेल्या पायताणात टाचेचा कोणता कोपरा आधी गेला, अंगठ्याचा खळगा कुठे पडला, बाजूचा कोणता कान ताणला गेला हे सगळे लिहिलेले असते. गिऱ्हाईक लाजून “ती कशाला दाखवू, घाण झालीय” म्हणते. घाण झालेलीच हवी असते.

यातली खरी अडचण अशी की चामडे आज जसे आहे तसे दोन महिन्यांनी राहत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात मुरवून कमावलेले चामडे अंगाला येते, ताणते, घाम आणि तेल पिऊन गडद होते. पहिल्या दिवशी पायात अलगद बसणारी कोल्हापुरी दोन महिन्यांत सपकसपक वाजू लागते. म्हणून मी जी बेतते ती आजच्या पायाला किंचित अपुरी असते. ती दोन महिन्यांनंतरच्या चपलेच्या हिशेबाने केलेली असते. हे गिऱ्हाइकाला पैसे घेताना सांगितले तर ती सबब वाटते आणि काम घेताना सांगितले तर ज्ञान वाटते. वाक्य तेच, फक्त वेळ वेगळी.

या वेळेच्या गोष्टीवर माझा सगळा धंदा उभा आहे. शिंप्याला शिवण उसवून थोडे कापड सोडता येते, सोनाराला दागिना वितळवून पुन्हा घडवता येतो. चामड्याला आरीचे एक भोक चुकीच्या जागी पडले की ते तिथेच राहते, आणि रापी एकदा फिरली की तो तुकडा लहान होऊ शकतो, मोठा होऊ शकत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाने जी काही चिकित्सा करायची असेल, ती रापी लावण्यापूर्वी करावी आणि पोटभर करावी. मी तिला कंटाळणार नाही. रापीनंतरची चिकित्सा मात्र दोघांच्या पोटावर येते. चोखंदळ या शब्दात ‘चोख’ दिसतो, किरकिर या शब्दात नुसता आवाज आहे. आणि माझ्या अनुभवाने, एकच माणूस कापण्यापूर्वी पहिला असतो आणि कापल्यानंतर दुसरा होतो. त्याला विचारण्याची वेळ आपण चुकवलेली असते.

हे मला एका लॅपटॉपच्या बॅगेने महागात शिकवले. पुण्याहून एका तरुणाने मागवली होती. म्हशीच्या चामड्याचा पाठीकडचा चांगला भाग काढून, हाताने दुहेरी शिवण घालून, कडा घोटून मी ती पाठवली आणि दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला: झाकणावर दोन इंचांचा एक फिकट ओरखडा, भोवती लाल गोल काढलेला, खाली “डिफेक्टिव्ह पीस” हे शब्द. तो ओरखडा मी पाहिला होता. ते जनावर कधीतरी काटेरी कुंपणातून गेले असेल, जखम भरून आली असेल, चामड्याच्या मजबुतीला त्याने काडीचा फरक पडत नव्हता, आणि माझ्या डोळ्यांना तर तो शोभेचाच वाटला होता. मला वाटले ते त्याला वाटावे, असे गृहीत धरण्याचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. मी झाकण नवे करून दिले आणि नुकसान सोसले. थोडा राग आला होता, तोही इथे लिहून ठेवते, कारण ज्याला डागच नकोत त्याला खरे तर चामडे नको असते: बाजारात जे अगदी एकसारखे, डागविरहित चामडे मिळते, त्यातल्या बहुतेकाचा वरचा थर घासून काढून त्यावर रंगाचा लेप चढवलेला असतो आणि मशीनने खोटा दाणा उठवलेला असतो. पण हे व्याख्यान देण्याची वेळही बॅग पोचल्यानंतरची नव्हती.

आता मी पूर्ण चामडे जमिनीवर पसरते, गोचिडाचे ठिपके, मानेच्या सुरकुत्या, ओरखडे या सगळ्यांभोवती खडूने गोल काढते, त्यावर पुठ्ठ्याचे साचे मांडते आणि गिऱ्हाइकाला बोलावते किंवा फोटो पाठवते. हा डाग ठेवायचा की टाळायचा? टाळायचा असेल तर एवढे चामडे वाया जाईल आणि किंमत एवढी वाढेल. गंमत अशी की इतके विचारल्यावर बरेच जण डाग ठेवतात. एकाने तर ओरखडा मुद्दाम दर्शनी भागावर घ्यायला सांगितला. न विचारता आलेला डाग हा दोष असतो आणि स्वतः निवडलेला डाग ही खूण होते. चामड्यात काहीच बदललेले नसते.

रंगासाठीही अशीच एक युक्ती मला उशिरा सुचली. मैत्रिणीची वर्ष-दीड वर्ष वापरलेली बॅग पाहून “मला अगदी हाच रंग हवा” म्हणणाऱ्या बायका पुष्कळ येतात. तो रंग माझ्याजवळ नसतोच. तो उन्हाने आणि तिच्या हातांनी आणलेला असतो. म्हणून मी एकाच चामड्याचे दोन तुकडे खिळ्याला टांगून ठेवले आहेत, एक ताजा आणि एक महिनाभर गच्चीवर उन्हात वाळवलेला. ते दोन्ही हातात दिले की पुढे समजावण्यासारखे फारसे उरत नाही.

पट्ट्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, एक चूक सोडली तर. परदेशात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी पँटचा चौतीस नंबर कळवला, मी चौतीस इंचांचा पट्टा पाठवला आणि तो त्यांच्या कमरेला पोचलाच नाही. तयार पँटवरचा आकडा आणि प्रत्यक्ष कंबर यांत दोन-तीन इंचांची तफावत सहज असते, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. आता मी नंबर विचारतच नाही. जुना पट्टा टेबलावर सरळ ठेवा, बकलाच्या घडीपासून रोज लावता त्या भोकापर्यंत टेप धरा आणि फोटो पाठवा, एवढेच सांगते. ते भोक नव्या पट्ट्यात पाच भोकांतले मधले येते.

माझ्या वहीबद्दल मात्र सांगायला हवे. आबांची वही नव्हती. त्यांना चारशे पावले तोंडपाठ होती असे ते म्हणतात आणि मी त्यावर विश्वास ठेवते. माझ्या वहीत डाव्या पानावर पायाचा आराखडा किंवा बॅगेची आकृती असते आणि उजव्या पानावर गिऱ्हाइकाचे शब्द, जसेच्या तसे. “भारदस्त हवी.” “टोचायला नको.” “हलकी पण भारदस्त.” “बाबांच्या बॅगेसारखी, पण जुनाट नको.” हे शब्द मी सुधारत नाही. त्यांच्याखाली माझी भाषा लिहिते: तळ किती जाडीचा, पट्टा किती सूत रुंद, वेणी किती पदरी, धागा कोणत्या रंगाचा. मग दोन्ही मोठ्याने वाचून दाखवते आणि सही घेते. निम्मे पैसे आगाऊ. पुठ्ठ्याच्या नमुन्यात दोनदा बदल फुकट, तिसऱ्यापासून त्याचे पैसे, आणि कापल्यानंतर बदल नाही. माझी चूक असेल तर अर्थात तो माझ्या खर्चाने. हे नियम भिंतीवर लावलेले नाहीत, कारण भिंतीवरच्या पाटीशी लोक वाद घालतात. वहीतल्या स्वतःच्याच शब्दांशी सहसा कुणी घालत नाही.

“भारदस्त” म्हणजे काय, हे विचारण्यात एकदा माझा पाऊण तास गेला. ते गृहस्थ वकील होते आणि त्यांना कापशी पद्धतीची कोल्हापुरी चप्पल हवी होती. जाड तळ दाखवला तर जड, रुंद पट्टा दाखवला तर गावठी, गडद रंग दाखवला तर उदास. शेवटी ते म्हणाले की त्यांचे आजोबा चालत आले की गल्लीच्या तोंडापासून करकर ऐकू येई आणि घरातली पोरे गप्प बसत. त्यांना आवाज हवा होता. पाऊण तास आम्ही दोघे डोळ्यांनी शोधत होतो.

ज्यांच्याकडे पाहून मला खरोखर धास्ती वाटते ते गिऱ्हाईक निराळेच. ते हसत येते, चहा घेते, “तुम्ही कलाकार आहात, तुमच्या मनाने करा” असे म्हणते, आगाऊ रक्कम न विचारता पूर्ण देते आणि निघून जाते. माझ्या मनात काय आहे हे त्याला ठाऊक नसते आणि त्याच्या मनात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसते. ते त्याला वस्तू हातात पडल्यावर कळते. अशा माणसाला मी आता सोडत नाही. दोन तुकडे पुढे करून “यातला कोणता आवडत नाही?” असे विचारते. काय आवडते ते सांगता न येणाऱ्याला काय आवडत नाही ते मात्र चटकन सांगता येते. याच्या उलट आमच्याकडे येणारे तालमीतले पैलवान. भाकरीएवढा पंजा कागदावर ठेवायचा, “दाबली नाही पाहिजे” म्हणायचे आणि आठ दिवसांनी यायचे. त्यांच्या पायाला बाजारातली तयार चप्पल होतच नाही, त्यामुळे त्यांना माप म्हणजे काय हे माहीत असते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि इकडे गदारोळ उठला, तेव्हा पंधरवडाभर माझ्याकडे फोन घेऊन लोक येत होते. “प्राडासारखी कोल्हापुरी करून द्या.” मी खिळ्यावरची चप्पल काढून समोर ठेवली की म्हणत, “ही नको, ही साधी आहे.” महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांना या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतले मानांकन कुठल्या कचेरीत मिळत नाही. त्या पंधरवड्यात मी चिडण्याऐवजी वेणीचा धागा थोडा बारीक घेतला आणि तीच चप्पल विकली. तेवढे चालते.

सगळेच चालते असे मात्र नाही. परदेशी कंपनीचे नाव ठोकून नक्कल मागणाऱ्याला मी पायरीवरूनच परत पाठवते. “हे गाईचे तर नाही ना?” या प्रश्नाला शांतपणे उत्तर देते, बिल दाखवते, मार्च २०१५ मध्ये राज्यातला गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाल्यापासून तो प्रश्न वाढला आहे आणि विचारणाऱ्याचा तो हक्क आहे. पण एका गृहस्थांनी वेणीची सातवी खोट काढताना “तुम्हा लोकांचं हे असंच असतं” असे म्हटले, तेव्हा मी वही मिटली आणि त्यांचे आगाऊ पैसे मोजून परत केले. वेणीत खरोखर एक पदर सैल होता, तो मी नंतर नीट केला. खोट काढण्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच.

सध्या खुंटीवर एक बकऱ्याचे चामडे लटकते आहे, खडूच्या रेघांसकट. एका मुलीला लग्नासाठी चप्पल हवी आहे. तळाचा पुठ्ठा झाला, पट्ट्याची रुंदी ठरली, रंगाचे दोन्ही तुकडे तिने घरी नेऊन शालूवर लावून पाहिले. वेणी तीनपदरी की पाचपदरी, एवढे अडले आहे. मी दोन्हीचे वीतभर नमुने गुंफून दिले, आईने एक निवडला, सासूने दुसरा. काल ती तिसऱ्यांदा आली, दोन्ही नमुने आळीपाळीने पायावर धरून बराच वेळ बसली, आबांनी आतून दोनदा खोकून दाखवले, आणि शेवटी “ताई, उद्या सांगितलं तर चालेल ना?” असे विचारून गेली. लग्नाला अजून पाच आठवडे आहेत. चालेल.